पाच स्वरांची हाक

चित्रपटातील संगीताविषयी गंभीरपणे लिहावयास घेतले की आमच्याकडील सुशिक्षित वाचक जरा अवघडतो. गाणे म्हणजे मैफलीतले, फार तर रंगभूमीवरचे. चित्रपटातले एखादे पद फावल्या वेळी गुणगुणावे, परंतु त्याची चर्चा मासिकाच्या पानांत कशाला, असा त्याचा मनोमन समज असतो. त्यातही विषय पदाचा नसून पदाविना, प्रसंगाच्या पाठीमागे वाजणाऱ्या वाद्यमेळाचा असेल, तर पान उलटले जाण्याचाच संभव अधिक. तरीही आज आम्ही अशाच एका तुकड्याविषयी लिहिणार आहो. आणि तो तुकडा परदेशी, एका अमेरिकन विज्ञानपटातला आहे. ह्या धाडसास दोन कारणे आहेत. त्या चित्रपटात ज्या जमावाच्या मुखी हे स्वर प्रथम समूहाने येतात, त्याचे चित्रण आमच्याच जिल्ह्यात झाले, हे पहिले. दुसरे कारण आमच्या स्वतःच्या कानाविषयीचे असून ते कबूल करण्यास थोडे जड जाते; म्हणून ते ओघानेच येऊ द्यावे, हे बरे.

चित्रपटाचे नाव ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, संगीतकार जॉन विल्यम्स. प्रथम प्रदर्शन नोव्हेंबर १९७७. परग्रहावरून कोणी पृथ्वीवर येऊ घातले आहे, आणि त्यांच्याशी बोलावयाचे तर कोणत्या भाषेत, हा त्यातील प्रश्न. शब्दांची भाषा निरुपयोगी हे उघड आहे. चित्रपटाने दिलेले उत्तर असे की, स्वरांत बोलावे. आकाशातून पाच स्वरांची एक हाक येते, माणसे ती उचलतात, आणि शेवटी अमेरिकेतील वायोमिंग प्रांतात डेव्हिल्स टॉवर नावाच्या एका प्रचंड सुळक्याच्या पायथ्याशी तीच हाक परत आकाशाला घातली जाते. कथानक एवढेच. बाकी पुष्कळ धावपळ, मोटारी, लष्कर आणि एका संसारी गृहस्थाचे वेड आहे. त्यात आम्हांस फारसे स्वारस्य नाही.

फ्रान्सचे नामांकित दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्युफो ह्यांनी ह्या चित्रपटात लाकोंब नावाच्या शास्त्रज्ञाची भूमिका केली आहे. हे लाकोंब हिंदुस्थानात येतात. पडद्यावर अक्षरे उमटतात ती उत्तरेकडील धर्मशाळेची; प्रत्यक्षात ते चित्रण फेब्रुवारी १९७७ मध्ये खालापूरजवळील हाळ ह्या गावी झाले. त्या वेळी आमचा जिल्हा कुलाबा ह्याच नावाने ओळखला जात असे. रायगड हे नाव १९८१ पासूनचे. धरमतर आणि धरमशाला ह्या दोन नावांत अक्षरांचे अंतर थोडे असले, तरी हिमालयाची हवा आणि पेण-खालापूरची हवा ह्यांत जे अंतर आहे ते कोणत्याही कोकणी माणसास न सांगता कळते. उतारावर दाटीवाटीने बसलेला तो जमाव, त्याच्या पुढे बसलेला साधू, आणि एकाच आवाजात पुन्हा पुन्हा म्हटले जाणारे ते पाच स्वर! ‘तो आला’ अशा अर्थाची पाच अक्षरे त्या स्वरांवर बसविलेली आहेत. परदेशी पाहुणे ध्वनिलेखक यंत्र पुढे करतात आणि विचारतात की, हा सूर तुम्हांस आला कोठून? तत्क्षणी हजारो हात वर जातात आणि सर्व बोटे आकाशाकडे रोखली जातात. चित्रपटातील ह्यासारखा दुसरा क्षण दाखविणे कठीण आहे. येथे वाद्यमेळ नाही, सुरावटीस साथ नाही. आहे तो केवळ माणसांचा कंठ.

आमच्या एका सहाध्यायी मित्राचे ह्या प्रसंगाविषयी मत अगदी प्रतिकूल आहे. ते म्हणतात, ‘आमच्या लोकांना गोऱ्यांनी नेहमीप्रमाणे भाबड्या भाविकांचा घोळका म्हणून उभे केले, विज्ञान त्यांचे, भजन आमचे.’ ह्या तक्रारीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. ती आणखी थोडी पुढे नेता येईल. चित्रपटाच्या अखेरीस जेव्हा ते प्रचंड यान खरोखर उतरते, तेव्हा स्वागताला हजर असतात ते तज्ज्ञ, अधिकारी आणि तंत्रज्ञ. ज्यांनी ही हाक अवघ्या समूहानिशी तोंडी धरली होती, त्या जमावातील कोणासही तेथे बोलावणे नाही. कथेने त्यांना माळावर बसवले आणि ती त्यांना तेथेच विसरली. तथापि चित्रपटाची कथा जे विसरते ते त्याचे संगीत विसरते काय, हा प्रश्न निराळा आहे. आणि त्याचे उत्तर शोधावयाचे तर आधी ते पाच स्वर नीट तपासले पाहिजेत.

पाश्चात्य लिपीत ते रे, मी, डो, खालचा डो, सोल असे आहेत. आपल्या भाषेत मांडले तर मध्य सप्तकातील रे, ग, सा. मग एक संबंध सप्तक खाली उतरून मंद्र षड्ज. आणि तेथून वर उचलून मंद्र पंचम. दोन शुद्ध स्वरांवरून षड्जावर येणे, षड्जाने एकदम खोल बुडी घेणे, आणि अर्ध्या वाटेवर पंचमाशी येऊन थांबणे, एवढाच त्याचा प्रवास. दिग्दर्शकाला येथे चाल नको होती, दारावरची घंटा हवी होती. संगीतकाराला वाटे की पाच स्वर फार अपुरे, निदान सात तरी असावेत. अखेर पाचावर ठरले आणि विल्यम्सने अशा शेकडो जुळण्या लिहून त्यांतून ही एक निवडली. निवड करणे सोपे होते असे कोणी समजू नये. एका सप्तकातील बारा स्वरांनी पाच जागा भरावयाच्या म्हटले तर २,४८,८३२ जुळण्या होतात, आणि येथे तर दोन सप्तके वापरली आहेत. ह्या गर्दीतून जी निघाली ती इतकी साधी आहे की लहान मुलानेही एकदा ऐकून म्हणावी. परंतु साधेपणा हा संगीतात सर्वांत उशिरा साधणारा गुण होय.

ह्या जुळणीविषयी पाश्चात्य पद्धतीने विचार करणारे सामान्यतः असे सांगतात की, तिचा शेवट अपुरा आहे. पाश्चात्य संगीतात स्वरावलीने अखेर आपल्या घरी, म्हणजे षड्जावर यावे अशी अपेक्षा असते. पंचमावर थांबणे म्हणजे वाक्य ‘आणि’ ह्या शब्दावर सोडून देणे. म्हणून ती हाक प्रश्नासारखी वाटते, उत्तराची वाट पाहते, आणि चित्रपटास नेमके तेच हवे होते. आम्हीही हेच मत अनेक वर्षे बाळगून होतो. कॉलेजात असताना मुंबईस एका मित्राच्या घरी हा चित्रपट प्रथम पाहिला. पुढे इंग्रजीतून त्याविषयी वाचले. वर्गात प्रसंगोपात्त विद्यार्थ्यांना अधिकारवाणीने सांगितलेही की, पाहा, पंचमावर टांगून ठेवलेला हा सवाल!

आता ती कबुली. गेल्या श्रावणात आम्ही धरमतरास, आमच्या वडिलोपार्जित घरी, चार दिवस राहिलो होतो. पाऊस असा की खाडीचे पलीकडले तीर दिसेना. पुतण्याने त्याच्या संगणकावर हा चित्रपट लावला, आणि शेजारचे वृद्ध बुवा, ज्यांनी आमच्या गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षे पेटी धरली आणि तरुणपणी काही काळ रीतसर गाणेही शिकले, तेही ओटीवर येऊन बसले. इंग्रजी त्यांना कळत नाही. चित्रांकडेही त्यांचे लक्ष बेताचेच होते. हाळच्या जमावाचा प्रसंग आला तसे मात्र त्यांनी डोळे मिटले. प्रसंग संपल्यावर आम्ही आमचे ठरलेले व्याख्यान सुरू केले: शेवटचा स्वर कसा अधांतरी राहतो, मन कसे खोळंबते, वगैरे. बुवांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘मास्तर, अधांतरी कुठे? तंबोरा फिरून पहिल्या तारेवर आला.’

आम्ही गप्प झालो. बुवांनी घरून तंबोरा आणवला, जुळवला आणि छेडला. वाचकांपैकी ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. त्याच्या चार तारा क्रमाने मंद्र पंचम, मध्य षड्ज, पुन्हा मध्य षड्ज आणि मंद्र षड्ज अशा लावतात. आणि चौथी तार वाजली की हात फिरून पहिलीवर, म्हणजे मंद्र पंचमावर येतो. आता त्या हाकेचे शेवटचे तीन स्वर पाहा: मध्य षड्ज, मंद्र षड्ज, मंद्र पंचम. तिसरी तार, चौथी तार, आणि फिरून पहिली! हा क्रम जशाचा तसा तंबोऱ्याचा आहे. त्यात एका स्वराचा किंवा सप्तकाचा फरक नाही. आरंभीचे रे आणि ग एवढेच काय ते गाणे, बाकी सर्व आधारस्वर. पाश्चात्य श्रोत्याला जे वाक्य ‘आणि’वर तुटलेले भासते, तेच आपल्या कानाला, जर तो कान आपला राहिला असेल तर, तंबोऱ्याचे एक आवर्तन पुरे होऊन दुसरे सुरू झाल्यासारखे वाटते. पंचम हा आपल्याकडे खोळंबा नव्हे. तो आधार आहे. मैफलीत गवई तोंड उघडण्यापूर्वी जे आधी ऐकू येते ते हेच.

जॉन विल्यम्सच्या मनात तंबोरा होता, असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे परक्यांच्या प्रत्येक शोधाचे मूळ आपल्या पोथ्यांत दाखविण्याच्या खोडीस बळी पडणे होय, आणि त्या खोडीचा आम्हांस मनापासून कंटाळा आहे. तंबोरा पंचम-षड्जात मिळवतात आणि विल्यम्सची हाक पंचम-षड्जावर उभी राहते, ह्याचे कारण एकच व ते निसर्गातले आहे. ताणलेल्या तारेचा अर्धा भाग वाजवला तर वरचा षड्ज मिळतो, दोनतृतीयांश भाग वाजवला तर पंचम. कोणत्याही देशात, आणि चित्रपटाचे गृहीत खरे मानले तर कोणत्याही ग्रहावर, हे प्रमाण बदलत नाही. परग्रहस्थांशी बोलावयाचे तर त्यांना व आपल्याला समान असे काही हवे. ते ह्या दोन अंतरांहून अधिक समान काय असणार? संगीतकाराची बुद्धी येथे दिसते. त्याने हाकेचा आरंभ माणसासारखा केला आणि शेवट सृष्टीच्या नियमावर नेऊन ठेवला. मात्र बुवांचा आणखी एक शेरा नोंदवला पाहिजे. यंत्रावर तीच हाक वाजली तेव्हा ते म्हणाले, ‘गंधार चढा आहे हो.’ तेही खरेच. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप निघणारा गंधार ३८६व्या भागावर येतो. पेटीचा, पियानोचा आणि त्या विद्युद्वाद्याचा गंधार ४००वर बसवलेला असतो. पंचमात मात्र ७०२ आणि ७०० असा नगण्य भेद. म्हणजे हाकेतील जो भाग माणसाचा, तोच काय तो जरा बेसूर. आधार निर्मळ आहे! पेटीच्या ह्याच दोषावरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या दाराबाहेर ठेवले होते. जन्मभर पेटी वाजवलेल्या गृहस्थाने गंधाराला नाव ठेवावे, ह्यातली गंमत बुवांच्याही लक्षात आली असावी, कारण ते हसले.

आता वाद्यमेळाकडे येऊ. यान उतरल्यावर जो संवाद घडतो तो ह्या चित्रपटाचा कळस आणि आमच्या लेखाचाही मुख्य विषय. माणसांच्या बाजूस एक विद्युद्वाद्य आहे, त्याचा आवाज बारीक, पातळ, किंचित बावरलेला. त्यावर एक तरुण वादक लाकोंबच्या सांगण्यावरून पाच स्वर वाजवतो. समोर काळोखात शहराएवढे यान तरंगत आहे. ते निःशब्द. पुन्हा वाजवतो. पुन्हा निःशब्द. आणि मग ते यान जेव्हा बोलते तेव्हा जो खर्ज उसळतो, त्याने जवळच्या काचा फुटतात. हा खर्ज ‘ट्यूबा’ नावाच्या पितळी रणवाद्याचा आहे. ज्यांनी धरमतरच्या धक्क्यावर धुक्याच्या पहाटे डोलवीकडे माल घेऊन येणाऱ्या बार्जचा भोंगा ऐकला आहे, त्यांस तो आवाज कानाने न ऐकता छातीने कसा ऐकू येतो ते सांगावयास नको. संगीतकाराने येथे कोणतेही चमत्कारिक यंत्र वापरले नाही, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. त्याच्या आधीच्या पिढीत, १९५१ सालच्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ ह्या चित्रपटात बर्नार्ड हरमनने परक्या ग्रहाचे भय दाखविण्यास थेरेमीन ह्या हात न लावता वाजणाऱ्या वाद्याचा उपयोग केला, आणि १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मध्ये तर सारेच संगीत विद्युत्‌मंडलांतून काढलेले होते. तेव्हापासून परग्रह म्हटला की विव्हळणारे यंत्र, असा संकेतच रूढ झाला. विल्यम्सने तो उलटा केला. यंत्र दिले माणसांना. आणि परग्रहस्थांना दिले ते माणसाच्या फुप्फुसातील हवेने वाजणारे वाद्य. परके कोण व आपले कोण, हा प्रश्न ह्या एका वाटणीतच निम्मा सुटतो.

पुढे जे चालते त्यास आपल्याकडे नेमका शब्द आहे: सवालजबाब. प्रथम दोन्ही पक्ष एकमेकांची ओळ जशीच्या तशी परत करतात. मग यान त्यात एक स्वर वाढवते. माणसे तो उचलतात. लय चढते. बारीक आवाज आणि खर्ज एकमेकांच्या पायात पाय अडकवू लागतात, तुकडे आखूड होतात, आणि हा हा म्हणता पाच स्वरांची ती मर्यादा कोठल्या कोठे राहते. एका क्षणी वादकाची बोटे पुरी पडेनाशी होतात व संवाद यंत्राच्या हाती सोपवावा लागतो. कलगी-तुऱ्याचे फड ज्यांनी पाहिले आहेत ते सांगतील की, सवालजबाबाची खरी रंगत उत्तर बरोबर येण्यात नसते; उत्तर देणारा सवालाहून दोन पावले पुढे गेला, हे सवाल टाकणाऱ्याला कळून येते तेव्हा ती असते. त्या क्षणी हार होते, परंतु सारा फड हसतो. ह्या प्रसंगातील खर्जात तसा विनोद आहे. एवढ्या अजस्र आवाजाला इतके खेळकर करणे हे ट्यूबा वाजविणाऱ्याचे आणि त्याहूनही लिहिणाऱ्याचे कौशल्य.

दोष काढावयाचा तर तो दिग्दर्शकाचा. संगीत इतके स्पष्ट बोलत असता त्याला धीर धरवत नाही. मधूनमधून तो तंत्रज्ञांच्या तोंडून त्याचे भाष्य करवतो, आश्चर्याने वासलेली तोंडे दाखवतो, रंगीत दिव्यांची पाटी लुकलुकवतो. प्रत्येक स्वराला एक रंग, ही कल्पना प्रथम मौजेची वाटली तरी पाचव्या-सहाव्या वेळी ती शाळेतील तक्त्यासारखी होते. १९८० साली त्याने चित्रपटाची दुसरी आवृत्ती काढली आणि तीत यानाचा अंतर्भाग दाखविला. हा तर निव्वळ अधीरपणा. पुढे १९९८ च्या आवृत्तीत त्याने स्वतःच तो भाग काढून टाकला, ह्यावरून त्यालाही ते उमगले असावे.

ह्याच्या उलट संगीतकाराचा संयम पाहा. चित्रपटाचा आरंभ काळ्या पडद्यावर होतो. अत्यंत मंद, एकमेकांना चिकटलेल्या, कोणताही राग किंवा ठाट न सुचविणाऱ्या स्वरांचा एक थर हळूहळू फुगत जातो आणि एका धक्क्यासरशी प्रकाशात फुटतो. अर्ध्याहून अधिक चित्रपटभर वाद्यमेळ ह्याच अनघड अवस्थेत राहतो. एका लहान मुलाला घरातून ओढून नेले जाते त्या प्रसंगी तर तो अंगावर येतो. कानाला टेकावयास आधार कोठेच नाही. आधार असलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे ते पाच स्वर, आणि ते संगीतकाराने वाद्यमेळाच्या हाती फार काळ दिलेच नाहीत. ते जमावाच्या कंठात, ध्वनिलेखक यंत्रात आणि त्या पातळ विद्युद्वाद्यात ठेवले. सवालजबाब संपून यानाचे दार उघडते, तेव्हा शब्दाविना गाणारा मानवी कंठांचा वृंद वाद्यमेळात मिसळतो. आरंभी तोही त्याच चिकट, अनोळखी थरांतून येतो आणि मग हळूहळू स्वर विलग होतात, गोड होतात, त्यांना घर सापडते. आणि मग कोठे ती हाक भरगच्च तंतुवाद्यांच्या पाठबळासह पुरत्या वाद्यमेळातून ऐकू येते. दोन तासांहून अधिक काळ ज्याची वाट पाहिली ते मिळाल्याचे सुख श्रोत्याला होते, पण का होते ते त्याला सांगता येत नाही.

हा शब्दहीन वृंद कोणाचा? पडद्यावर तर कोणीच गात नाही. आमच्या मित्राच्या तक्रारीला आमचे उत्तर येथे आहे, ते पटो वा न पटो. कथेने हाळचा जमाव माळावर सोडून दिला. संगीताने मात्र पुष्कळ कंठांनी मिळून गाण्याची ती कल्पना जपून ठेवली आणि नेमक्या भेटीच्या क्षणी परत आणली. निमंत्रण तज्ज्ञांना मिळाले, परंतु दार उघडते ते समूहाच्या गळ्यावर. बुवांना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांना ते फारसे पटल्याचे दिसले नाही. ‘बोलावले असते तर बरे झाले असते’, एवढेच ते म्हणाले. तेही आम्ही येथे नमूद करतो, कारण त्यावर आमच्यापाशी तोड नाही.

आणखी एक गोष्ट राहिली. शेवटच्या निरोपात लाकोंब तोंडाने काहीच बोलत नाहीत. ते हाताच्या खुणांनी पाच स्वर दाखवतात आणि समोरचा परग्रहस्थ त्याच खुणा करून स्मित करतो. ह्या खुणा चित्रपटकाराच्या कल्पनेतल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात जॉन कर्वेन ह्याने शाळेतल्या मुलांसाठी त्या प्रचारात आणल्या आणि पुढे हंगेरीत झोल्तान कोदाय ह्याच्या शिक्षणपद्धतीने त्या जगभर नेल्या. सामगायनात बोटांच्या पेरांवर स्वरस्थाने दाखविण्याची जी रीत आहे, जिला नारदीय शिक्षेत गात्रवीणा म्हटले आहे, तिची आठवण आपल्या वाचकांना येथे सहज व्हावी. येथेही आम्हांस अग्रपूजेचा मान मागावयाचा नाही. स्वर हाताने दाखवावासा वाटणे ही माणसाची जात आहे. भजनात बुवांचा हात पाहिला की तेवढ्याने कळते.

आमच्याकडील चित्रपटांत अशी गोष्ट कोणी केली काय, असे वाचक विचारतील. १९६७ साली ‘चांद पर चढाई’ निघाला, त्याला उषा खन्ना ह्यांचे संगीत होते; पण तेथे चंद्रावरही मुंबईचीच पदे ऐकू येतात. २००३ सालच्या ‘कोई मिल गया’मध्ये आकाशात पाठविला जातो तो ओंकार; कल्पना उंच, परंतु ती कल्पनाच राहिली. ओंकारातून निघालेला स्वरविचार पार्श्वसंगीतात पुढे वाढवावा, त्याला वाद्यमेळाने हळूहळू उलगडावे, हे घडले नाही. पदे मधे आली. वस्तुतः मुंबईच्या वाद्यमेळात गोव्याकडचे एकाहून एक तयार वादक व मांडणीकार होऊन गेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ह्यांची नावे जाणकारांस ठाऊक आहेत. हात होते, विद्या होती; फक्त पदाविना दहा मिनिटे प्रेक्षक थांबेल, असा विश्वास निर्मात्यांच्या ठायी नव्हता.

१९७७ ह्या सालाविषयी मात्र एक योग सांगितल्याखेरीज राहवत नाही. ज्या वर्षी हाळच्या माळावर कल्पित आकाशवाणीचे पाच स्वर चित्रित झाले, त्याच वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरात ‘व्हॉयेजर’ नावाची दोन खरीखुरी याने अवकाशात सोडण्यात आली. कार्ल सेगन ह्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांवर एकेक सोनेरी तबकडी बसविली होती. तीत पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत, त्यांत आपली मराठीही आहे. आणि जगभरातून निवडलेल्या संगीतात हिंदुस्थानची म्हणून सुरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातील केरी गावच्या ह्या मानी गायिकेने १६ सप्टेंबर १९७७ रोजी देह ठेवला. तेव्हा दुसरे यान सुटून पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. दोन्ही याने आता सूर्याच्या वाऱ्याच्या कक्षेबाहेर गेली आहेत, एक २०१२ मध्ये, दुसरे २०१८ मध्ये.

कल्पनेने पाच स्वर पाठविले आणि वास्तवाने एक संपूर्ण राग. अमेरिकन दिग्दर्शकाने घंटा मागितली, कारण त्याला दार उघडून हवे होते. तबकडीवाल्यांनी गाणे दिले, कारण ऐकणारा कधी भेटेल ह्याची त्यांना खात्री नव्हती. दोहोंत कोणते शहाणपणाचे, ह्यावर आम्ही त्या रात्री बराच खल केला. आमचे म्हणणे असे पडले की, विल्यम्सच्या हाकेत उत्तराला जागा आहे म्हणून संवादासाठी तीच बरी. केसरबाईंचे गाणे आपल्या ठायी इतके पूर्ण आहे की त्यावर परग्रहस्थाने काय म्हणावे? बुवा बराच वेळ काही बोलले नाहीत. पाऊस थोडा उघडला होता आणि खाडीला भरती आली होती. मग त्यांनी विचारले, ‘पाठवली ती भैरवीच ना?’

आम्ही होय म्हणालो.

‘मग भैरवीच्या आधीची मैफल त्यांना कोणी ऐकवली?’

ह्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. बुवांनी तंबोरा गवसणीत घातला आणि ते घरी गेले.